अंधाराची पाळी

महाभारतातील एकचक्रानगरी म्हणजे आमचे केळझर, अशी आमच्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आलेली श्रद्धा आहे. टेकडीवरच्या गणपतीला येणाऱ्या पाहुण्याला गावातले लहान पोरही बकासुराची गोष्ट सांगते. नगरीने राक्षसाशी करार केला होता. रोज एका घराने गाडाभर अन्न, गाड्याला जुंपलेले दोन रेडे आणि घरातला एक माणूस पाठवायचा. ज्या घराची पाळी असेल त्या घरात रडारड चाले. बाकीची घरे त्या रात्री निवांत झोपत, कारण आजची पाळी त्यांची नसे.

लहानपणी या गोष्टीत मला भीम आवडायचा. तो सगळ्यांनाच आवडतो. पण मी बी. ए. भाग १ ला असताना पौष महिन्यात आमच्या वस्तीवर चार रात्रींचा अंधार आला, आणि तेव्हापासून मला या गोष्टीतली कुंती दिसू लागली. शेजारच्या खोलीतून रडण्याचा आवाज आला म्हणून उठून विचारपूस करायला गेली ती कुंती. भीमाचे काम त्यानंतरचे आहे. कुंती जागची उठली नसती, तर भीम घरात असूनही त्या ब्राह्मणाच्या घराला त्याचा काही उपयोग झाला नसता.

विद्यार्थी मित्रहो, वीज जाणे हा आपल्याकडे थट्टेचा विषय आहे. तो मी येथे गंभीरपणे मांडणार आहे, कारण त्या चार रात्रींपैकी तिसऱ्या रात्रीचा हिशेब माझ्या मनात अजून चुकता झालेला नाही.

त्या दिवशी दुपारीच आभाळ भरून आले. संध्याकाळी वारा सुटला आणि गारांसह पाऊस कोसळला. कडुनिंबाची मोठी फांदी तारांवर पडली, दोन खांब वाकले, डीपीतून निळा जाळ निघाला आणि लाईन गेली. पहिल्या रात्री कोणालाच त्याचे काही वाटले नाही. ‘येईल सकाळपर्यंत,’ असे म्हणून सारे झोपले. सकाळी कळले की आजूबाजूच्या गावांतही हीच गत आहे. दुरुस्तीची माणसे थोडी आणि मोडलेले खांब फार. आमच्या वस्तीचा वायरमन दिवसभर ओल्या खांबांवर चढत-उतरत होता. त्याला नावे ठेवणाऱ्याने एकदा स्वतः तो खांब चढून पाहावा. म्हणून कोणाला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. दोष द्यायचाच झाला, तर तो आमच्या बेसावधपणाला द्यावा लागेल.

वीज गेली म्हणजे दिवे गेले, इतकेच आपण समजतो. वस्तुतः दिवे ही सर्वांत लहान गोष्ट. दुसऱ्या दिवशी पाण्याची टाकी रिकामी झाली आणि नळ कोरडे पडले, कारण टाकीत पाणी चढवणारी मोटर विजेवर चालते. गावात हातपंप आहेत, पण नळ आल्यापासून त्यांच्याकडे कोणी पाहिलेले नव्हते. आमच्या बाजूच्या हातपंपाचा वॉशर गेला होता आणि दांडा नुसताच वरखाली होत होता. चक्की बंद पडली. ज्यांच्या घरचे पीठ संपले होते, त्यांनी भातावर भागवले. तिसऱ्या दिवशी मोबाइलच्या टॉवरची बॅटरी संपली आणि ज्यांचे फोन अजून जिवंत होते तेही मुके झाले. नागपूरला कामाला असलेल्या मुलाला आई-बापांची खबर कळेना, आणि आई-बापांना दवाखान्यात फोन करता येईना. एक तार तुटली म्हणजे तिच्यामागे काय काय तुटते, याची मोजदाद आम्ही त्यापूर्वी कधी केलीच नव्हती.

तिसऱ्या दिवशी आभाळ मोकळे झाले आणि खरी थंडी पडली. ढग म्हणजे जमिनीवरचे पांघरूण असते. ते निघाले की रात्री जमिनीची ऊब वर निघून जाते. मी उशाशी टॉर्च घेऊन परीक्षेचे वाचन करीत होतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे मी पुस्तक उघडले की घरातली माणसे पावलांचा आवाजही होऊ देत नाहीत. शेजारच्या घरी मुलगी बाळंतपणाला आली होती. बाळ बारा दिवसांचे होते. घरातला कर्ता पुरुष रानडुकरांपासून हरभरा राखायला शेतात जागलीवर गेलेला. ते बाळ बराच वेळ रडत होते. बाबांनी अंथरुणातून विचारले, “कोन रडून रायलं?” आई म्हणाली, “पोरगा वाचून रायला. दार नोको उघडू, हवा येते.” मी ते दोन्ही ऐकले आणि पान उलटले. थोड्या वेळाने बाळ शांत झाले. मला बरे वाटले.

बाळ शांत का झाले होते, हे नंतर कळले. पलीकडच्या घरच्या काकू चुलीसाठी विस्तव मागायला म्हणून त्या घरी गेल्या. हाका मारून कोणी उठेना, तेव्हा त्यांनी दार ढकलले. खोलीत बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी होती, खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या होत्या. बाळंतीण ओकत होती, तिची आई भिंतीला टेकून बसली होती आणि तिला उठता येत नव्हते. बाळ निपचित होते. काकूंनी आरडाओरड केली, आम्ही सारे धावलो, तिघांनाही अंगणात मोकळ्या हवेत आणले आणि कोणाच्या तरी गाडीतून दवाखान्यात नेले. तिघेही वाचले. पण विस्तव मागायला जाणे ही त्या रात्रीची केवळ एक गरज होती. काकूंच्या चुलीत निखारा शिल्लक असता, तर काय झाले असते? मी चार हातांवर जागा होतो, आणि मी गेलो नव्हतो.

कोळसा कोंदट जागेत जळू लागला की त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील ज्या द्रव्याने प्राणवायू अंगभर पोहोचवायचा, त्या हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. माणसाला गुदमरल्यासारखेही वाटत नाही; डोके जड होते, मळमळते, झोप येते आणि त्या झोपेतून तो उठत नाही. बाळंतिणीला शेक-शेगडी देण्याची रीत आपल्या आज्या-पणज्यांपासूनची. मग त्या काळी असे का होत नसे? कारण त्या घरांवर कवेलू होते आणि कवेलूंच्या फटींतून धूर व हवा खेळत असे. आता स्लॅबची खोली आली, घट्ट दार आले, काचेची खिडकी आली. घर बदलले आणि रीत तीच राहिली. दोन्ही गोष्टी एकेकट्या चांगल्या. एकत्र आल्या की घात करतात.

येथे कोणी म्हणेल, ‘आपला विदर्भ उन्हाचा. येथे थंडीची आणि अंधाराची एवढी भीती कशाला? हे प्रश्न बर्फाच्या देशांचे.’ मला वाटते, धोका नेमका याच समजुतीत आहे. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचे तापमान ३.५ अंशांपर्यंत उतरले होते. बर्फाच्या देशातला माणूस जाड भिंतीच्या घरात, लोकरीच्या कपड्यांत राहतो. आपली घरे मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या उन्हाचा विचार करून बांधलेली असतात. त्यातही मातीच्या जाड भिंती दिवसाची ऊब रात्रीपर्यंत धरून ठेवीत. टिनाचे छप्पर दिवसा तापते आणि रात्री उघड्या रानासारखे गार पडते. पहाटे टिनाच्या आतल्या बाजूने दव ठिबकते, ते ज्यांच्या अंथरुणावर पडते त्यांना विचारा की विदर्भात थंडी असते की नसते.

या बाबतीत आपल्यासारखीच गफलत एका श्रीमंत मुलखाची झाली. अमेरिकेतील टेक्सास हे राज्य उन्हाळ्यासाठी प्रसिद्ध. ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन या तेथील शहरांत बरीच मराठी कुटुंबे राहतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये तेथे अभूतपूर्व थंडीची लाट आली. वायूच्या विहिरी, नळ आणि वीज केंद्रांतील यंत्रे गोठली, आणि त्याच वेळी घरोघर उबेसाठी विजेची मागणी वाढली. टेक्सासची वीज-यंत्रणा देशाच्या इतर भागांपासून बहुतांशी वेगळी ठेवलेली असल्यामुळे बाहेरून पुरेशी मदतही घेता येईना. सारी यंत्रणा कोसळण्यापासून अवघी ४ मिनिटे ३७ सेकंद दूर होती, असे पुढे तिच्या चालकांनीच सांगितले. ४५ लाखांहून अधिक घरे आणि व्यवसाय अंधारात गेले. राज्याच्या आरोग्य खात्याने २४६ मृत्यू मोजले. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश माणसे थंडीने गारठून गेली, आणि १९ जण कार्बन मोनॉक्साइडने गेले. ऊब मिळवण्यासाठी लोकांनी घरात कोळसा पेटवला, बंद गॅरेजमध्ये मोटारी सुरू ठेवल्या, जनरेटर दाराशी लावले. जगातील सर्वांत संपन्न देशातला माणूस आणि आमच्या शेजारची बाळंतीण यांच्यावर एकाच चुकीने एकच संकट यावे, हे वाचून मी सुन्न झालो.

याच्या उलट उदाहरण खऱ्याखुऱ्या थंड देशाचे. जानेवारी १९९८ मध्ये कॅनडाच्या क्विबेक प्रांतात कित्येक दिवस असा पाऊस पडला की जो जमिनीला, झाडाला, तारेला टेकताच गोठत होता. बर्फाच्या भाराने मोठमोठे मनोरे रांगेने कोसळले. तेथे तीस लाखांवर लोकांची वीज गेली आणि मॉन्ट्रियलच्या दक्षिणेकडील काही वस्त्यांत ती महिनाभराहून अधिक काळ आली नाही. ऐन हिवाळ्यात एक महिना! तेथेही माणसे दगावली. क्विबेक आणि शेजारचा मुलूख धरून तीसपेक्षा जास्त. परंतु एवढ्या दीर्घ काळोखात हजारो लोक तगले, ते शाळा आणि सभागृहे निवाऱ्यासाठी उघडली म्हणून, आणि ज्यांच्या घरी लाकडाची भट्टी होती त्यांनी शेजाऱ्यांना आत घेतले म्हणून. दोन्ही ठिकाणची परिस्थिती वेगळी होती हे मला ठाऊक आहे, आणि नुसते आकडे समोरासमोर ठेवून तुलना करणे बरोबर नाही. पण एक गोष्ट उघड दिसते. थंडी आणि अंधार एकत्र आले की एकेकटे घर लवकर हरते. चार घरे एका विस्तवाभोवती आली की बराच काळ टिकतात. युद्धात वीज केंद्रांवर मारा होऊ लागल्यावर युक्रेनने नोव्हेंबर २०२२ पासून गावोगाव जी केंद्रे उघडली, त्यांत ऊब, पाणी, फोन चार्ज करण्याची सोय आणि प्रथमोपचार एवढेच असे. त्यांना त्यांनी ‘अजिंक्यतेची केंद्रे’ असे नाव दिले. नाव मोठे आहे, पण वस्तू साधीच आहे. आपण तिला शेकोटी म्हणतो.

आपल्याकडे ही शेकोटी होती, आणि नुसती शेकोटीच नव्हे तर सावधपणाही होता. २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्रात भारनियमनाची होती. खेड्यांत बारा-बारा तास वीज नसे. मी त्या काळातले तान्हे मूल. मला त्यातले काही आठवत नाही. पण आजी सांगते की प्रत्येक घरी कंदिलाची काच पुसून ठेवलेली असे, सूर्य मावळण्यापूर्वी दळण आलेले असे, हंडे भरलेले असत आणि पऱ्हाट्यांची मोळी ओसरीत असे. त्याच काळात राज्यात ‘अक्षय प्रकाश योजना’ नावाचा एक प्रयोग झाला. संध्याकाळी विजेची मागणी सर्वांत जास्त असते. त्या वेळात मोटरपंप आणि इतर जड वापर गावाने आपण होऊन बंद ठेवायचा आणि त्या बदल्यात घरच्या दिव्यांना वीज मिळवायची, असा तो करार होता. एकाने जरी चोरून मोटर लावली तरी सर्वांचे दिवे जायचे. म्हणजे तो करार मुख्यतः शेजाऱ्याचा शेजाऱ्याशी होता. ज्या गावांनी तो पाळला त्यांनी दाखवून दिले की आपले खेडे ठरवले तर एकत्र वागू शकते.

मग विजेचा पुरवठा सुधारला. ही आनंदाची गोष्ट आहे. कंदिलाचे दिवस परत यावेत असे मी मुळीच म्हणणार नाही. पण पुरवठा जसजसा सुधारला तसतशी तयारी गेली. आज आमच्या घरात रॉकेलची बाटली नाही, कंदिलाची काच कधीच फुटली, पाटा-वरवंटा अंगणात उलथा पडला आहे आणि जाते पोत्याखाली आहे. वीज कधीतरी जाते, म्हणून ती गेली की आम्ही पूर्वीपेक्षा जास्त उघडे पडतो. ‘आता चोवीस तास लाईन असते’ असे म्हणणाऱ्यांनी दोन तारखा ध्यानात ठेवाव्यात. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर व पूर्व भारतातील विजेचे जाळे लागोपाठ दोनदा कोसळले आणि दुसऱ्या दिवशी सुमारे ६० कोटी लोकांच्या मुलखात अंधार पसरला. आपण त्यातून वाचलो. पण १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली, रेल्वे जागच्या जागी थांबल्या आणि देशाची आर्थिक राजधानी काही तास हतबल झाली. मुंबईवर पाळी येते, तर केळझरवर येणार नाही काय?

कोणी म्हणेल, याला उपाय सौरऊर्जेचा. मी तिच्या बाजूचा आहे. आमच्या भागात शेतीला वीज दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास, अशी आलटून-पालटून मिळण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालली. रात्रीची पाळी आली की गहू-हरभऱ्याच्या ओलितासाठी शेतकऱ्याने पौषाच्या थंडीत, चिखलात, एका हातात टॉर्च घेऊन उभे राहायचे. आणि आमच्या बाजूला बोरचे जंगल, ज्याला २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. ती वाहिनी जेथे पोहोचली तेथे ओलीत दिवसा होऊ लागले. याहून मोठे वरदान शेतकऱ्याला दुसरे नाही. परंतु सौर पंपाने रात्री खोली उबदार होत नाही आणि ढगाळ आठवड्यात तो मंदावतो. यंत्र हवेच, मात्र यंत्र आले म्हणजे तयारी झाली, असे नव्हे.

दुसरा आक्षेप असा की हे काम सरकारचे आणि वीज कंपन्यांचे आहे. त्यांचे आहेच. राज्य वीज नियामक आयोगाच्या नियमांत ग्रामीण भागातले जळालेले रोहित्र बदलण्यासाठी ४८ तासांची मुदत आहे, आणि ती टळली तर ग्राहकाला भरपाई मागता येते. तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक आहे. आमच्या वस्तीत हे कोणालाच माहीत नव्हते, आणि शिकलेल्या मलाही नव्हते. हक्क जरूर मागावा. पण कायद्याने दिलेल्या ४८ तासांतही दोन रात्री येतात. त्या दोन रात्री कोणाच्या? त्या आपल्याच आहेत.

मग करायचे काय? मी काही तज्ज्ञ नाही. त्या चार रात्रींत जे कमी पडले तेवढेच सांगतो.

सर्वांत आधी गावाने एक यादी करावी. कोणत्या घरी एकटे म्हातारे माणूस आहे, कोठे बाळंतीण आहे, कोणाला दम्याचे यंत्र किंवा थंड जागी ठेवायचे इन्सुलिन लागते, कोणाच्या घरचा कर्ता जागलीवर असतो, हे त्या यादीत असावे. आशाताईंना आणि अंगणवाडी सेविकांना यातले पुष्कळ आधीच माहीत असते. ते एका वहीत यावे आणि वही त्यांच्याच विश्वासात राहावी. प्रत्येक अशा घरासाठी जवळच्या एका घराने जबाबदारी घ्यावी. वीज गेल्याची पहिली रात्र असो की चौथी, झोपण्यापूर्वी त्या दाराशी जाऊन एक हाक मारायची. या कामाला पैसा लागत नाही.

त्यानंतर एक सामायिक जागा ठरवावी. शाळेची खोली असेल, समाजमंदिर असेल. तेथे सौर पाटी आणि बॅटरीवर चार दिवे व फोन चार्ज होतील एवढी सोय, पिण्याच्या पाण्याचा ड्रम, घोंगड्या, औषधाची पेटी. बाहेर मोकळ्यावर शेकोटी, आत माणसे. ज्याचे घर गार आहे त्याने संकोच न करता तेथे यावे, आणि कोणालाही ‘तुम्ही कोणत्या वस्तीचे?’ असे विचारले जाऊ नये. हे शेवटचे वाक्य मी मुद्दाम लिहितो. आपल्या खेड्यातली शेकोटीसुद्धा पूर्वी जातीपातीने वेगळी पेटत असे. अंधाराने आम्हाला एकत्र आणले नाही, तर उजेड आणील याची काय खात्री?

पाण्याचीही सोय पाहावी. दिवाळीनंतर प्रत्येक हातपंप उपसून पाहावा आणि वॉशर बदलावा. वादळाची चिन्हे दिसताच टाकी भरून घ्यावी.

उरले शेगडीचे आणि तारांचे. हे तर प्रत्येक घरात तोंडपाठ व्हायला हवे. बंद खोलीत कोळसा किंवा निखारे ठेवून कधीही झोपू नये. शेक द्यायचाच तर दार किंवा खिडकी उघडी ठेवून, जागे राहून द्यावा आणि मग शेगडी बाहेर काढावी. जनरेटर घराबाहेर, खिडकीपासून दूर असावा. डोके जड झाले, मळमळले, तर पहिली गोष्ट म्हणजे सर्वांनी बाहेर पडावे. पडलेल्या तारेला, ती मेलेली वाटली तरी, हात लावू नये. आणि वीज गेली की मोटरचा स्टार्टर व घरातली जड उपकरणे बंद करावीत. नाहीतर लाईन येताक्षणी सारा भार एकदम पडतो आणि दुरुस्त झालेली डीपी पुन्हा जळते.

यात नवे असे काही नाही. आपण ज्या जिल्ह्यात शिकतो तेथे हा विचार फार जुना आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने ‘मगनदीप’ नावाचा कंदील तयार केला होता. तो रॉकेलऐवजी खेड्यात निघणाऱ्या तेलावर जळत असे. त्या मागचा प्रश्न असा होता: खेड्याचा दिवा बाहेरून येणाऱ्या वस्तूवर का अवलंबून असावा? आज मगनदीप पेटवावा असे मी म्हणत नाही. पण तो प्रश्न मात्र पेटता ठेवावा. बाहेरची वीज घ्यावी, भरपूर घ्यावी. मात्र ती चार दिवस आली नाही तर माणूस दगावू नये, एवढे तेल गावाच्या पदरी असावे.

आता आपल्या महाविद्यालयाविषयी. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून देशभर चालू आहे. आपण दर हिवाळ्यात सात दिवसांचे शिबिर करतो, रस्ते झाडतो, पथनाट्य करतो. गुरुजनांना माझी नम्र विनंती आहे की एका शिबिरात आपण ही यादी करावी आणि हातपंप तपासावेत. मुलींनी बाळंतिणींच्या घरी जाऊन शेगडीची गोष्ट सांगावी. त्या आमच्यापेक्षा चांगली सांगतील. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी गावात येऊन या वायूवर अर्धा तास बोलावे. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत, म्हणजे थंडी सुरू होण्यापूर्वीच, गावाने हा विषय घ्यावा. गांधीजींच्या जिल्ह्यात त्यांच्या जयंतीला याहून चांगला ठराव कोणता?

शेवटी पुन्हा त्या रात्रीकडे येतो. शिक्षण घेतल्याने माणसाचे कान उघडतात असे आपण भाषणांत ऐकतो. त्या रात्री मी शिकत होतो आणि माझे कान बंद होते. जिला अक्षरओळख नाही अशा काकूंच्या हाताने ते दार उघडले गेले. मी कॉलेज सोडावे असा याचा अर्थ मी काढला नाही. पण पुस्तक वाचताना एक कान शेजारच्या घराकडे असावा, एवढे मात्र ठरवले.

ते बाळ आता आपल्या वडिलांच्या गावी असते. दिवाळीला आले होते. भिंत धरून उभे राहते. रात्री ते रडू लागले तेव्हा मी पुस्तक पालथे घातले आणि दाराशी जाऊन हाक मारली. आतून त्याच्या आजीचा आवाज आला, “काई नाही बापा, दात येऊन रायले त्याचे. जा, वाच.” मी परत आलो आणि वाचत बसलो.

— बी. ए. भाग २